खेळातला मावळा कोण असेल?

मावळ तालुक्यातील लोहगड ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेला. युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूरचनेचा वारसा म्हणून ज्या १२ किल्ल्यांना मान्यता दिली, त्यांतील ११ महाराष्ट्रात आणि जिंजी हा एक तमिळनाडूत आहे. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २१ ऑगस्टला, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स तसेच मनोरंजन व शिक्षणासाठीच्या खेळांना उत्तेजन देण्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या व्यवसायांसाठी तीन हजार कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे धोरण मंजूर केले.

या तीन निर्णयांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. तरीही ते एकत्र वाचले, की एक प्रश्न उभा राहतो. जुगाराचा मार्ग बंद झाला आहे, कथेवर चालणाऱ्या खेळांना सरकारी पाठबळ मिळू घातले आहे आणि सह्याद्रीचे किल्ले जगाच्या नकाशावर आले आहेत. अशा वेळी मावळच्या भूमीवर बेतलेला कल्पनारम्य भूमिका-खेळ कोणी तरी रचणारच. त्या खेळात उतरणाऱ्याला पहिल्याच पडद्यावर विचारले जाईल, ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाखाली कोणते पर्याय असतील, यावर त्या खेळाचेच नव्हे, तर नव्या पिढीच्या मनातील मावळाचेही रूप ठरणार आहे.

पात्र कसे घडते?

भूमिका-खेळ हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो आणि बाकीचे त्या कथेतील एकेक पात्र होतात. पात्र काय करू पाहते हे खेळाडू सांगतो. ते साधले की फसले हे फासा सांगतो. पुढे हीच पद्धत संगणकावर आली. बेल्जियममधील लॅरियन कंपनीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ सालच्या खेळात तर पात्र घडवण्यातच कित्येक खेळाडूंचा तास-दोन तास सहज जातो.

या खेळात नवे पात्र घडवणे म्हणजे एक कागद भरणे. ताकद, चपळाई, सोशिकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची शक्ती अशा सहा गुणांना आकडे द्यायचे. मूळ पद्धतीत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज करीत. म्हणजे आकडा ३ ते १८ यांच्या दरम्यान येई. त्यानंतर वंश ठरवायचा, योद्धा, मांत्रिक, चोर यांसारखा पेशा निवडायचा आणि शेवटी पूर्वायुष्य लिहायचे. मराठी वाचकाला यात फारसे परके वाटू नये. सारीपाटावरच्या सोंगट्या आणि जत्रेतील सोंगे या दोन्ही गोष्टी आपल्याकडे होत्याच. भूमिका-खेळाने त्या एकत्र आणल्या इतकेच. येथे सोंगटीच सोंग घेते.

अनुभवी खेळाडूंना एक गोष्ट लवकर कळते. सहाही गुणांत अव्वल असलेले पात्र खेळायला कंटाळवाणे असते. कशाची तरी भीती असलेले, कोणाचे तरी देणे लागणारे, एखाद्या कामात हमखास फसणारे पात्रच लक्षात राहते. ज्याला हरताच येत नाही, त्याच्या जिंकण्यात कोणाला रस वाटणार?

राजा खेळात का नको?

मराठा इतिहासावर खेळ रचायचा म्हटले, की पहिला विचार छत्रपतींचाच येतो. तो स्वाभाविक आहे आणि अडचणीचाही. भूमिका-खेळात पात्राचा ताबा खेळाडूकडे असतो. तो पात्राला चुकीच्या वाटेने नेऊ शकतो, भित्रेपणाने वागवू शकतो, मारूनही टाकू शकतो. फाशावर एक पडला, तर पात्र तोंडघशी पडते. महाराष्ट्राच्या श्रद्धास्थानी असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हे कोणालाही सहन होणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटाच्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तेव्हा आक्षेप घेतले गेले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य वगळण्याचे जाहीर केले. एका ठरलेल्या, तपासता येणाऱ्या दृश्यावर जर हे घडते, तर लाखो खेळाडू लाखो प्रकारे वागवतील अशा पात्राचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको. परदेशी खेळांचाही अनुभव वेगळा नाही. ‘स्माइट’ या अमेरिकी खेळात देवतांनाच पात्रे केले होते. त्यातील कालीमातेच्या चित्रणावर २०१२ मध्ये हिंदू संघटकांनी हरकत घेतली होती.

यावर एक उपाय म्हणून इतिहासाला दुरूनच हात लावला जातो. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ सालच्या ब्रिटिश खेळात मराठा राज्यमंडळ निवडून खेळता येते. पण तेथे मराठे म्हणजे नकाशावरील एक रंग असतो. सैन्ये हलतात, प्रांत जिंकले जातात. माणूस मात्र दिसत नाही.

या दोन्हींच्या मधला रस्ता पुण्यातच दाखवला गेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. त्यात दुर्गा आहे, विष्णू आहे, असुर आहेत. पण खेळाडूच्या हाती येते ती सर्कशीत कसरती करणारी एक अनाथ मुलगी. देवांचे साहाय्य तिला मिळते, तिची धडपड मात्र हरवलेल्या धाकट्या भावासाठी असते. हा काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नाही, कारण पात्र आधीच ठरलेले आहे. तरीही त्यामागची निवड अचूक आहे. थोरांना कथेत त्यांच्या जागी राहू द्यावे आणि खेळाडूच्या हाती सामान्य माणूस द्यावा.

मावळच्या खेळात हा सामान्य माणूस शोधायला दूर जावे लागत नाही. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात. दगड-विटांवर चिखल थापतात, अळीव पेरून हिरवळ उगवतात, वर सिंहासनावर महाराजांना बसवतात आणि बुरुजांवर, दरवाजात, पायऱ्यांवर मातीचे मावळे उभे करतात. महाराज एक असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते. मावळे मात्र मुले हवे तसे हलवतात, लढवतात, पाडतात आणि पुन्हा उभे करतात. खेळ खरा तेथेच चालतो. त्या मावळ्याला नाव नसते, म्हणूनच प्रत्येक मुलाला ते देता येते.

जन्माचे गुण की कामाचे?

मात्र हा मावळा घडवताना एक खरा धोका आहे आणि तो महाराष्ट्रात इतर कोठल्याही ठिकाणापेक्षा अधिक आहे. पाश्चात्त्य खेळांत दीर्घकाळ असा नियम होता, की वंशागणिक गुणांचे आकडे वाढत. बुटका वंश जन्मतः सोशिक, उंच कानांचा वंश जन्मतः चपळ, राक्षसी वंश जन्मतः दांडगा. परदेशी मुलाला हा परीकथेतील निरुपद्रवी तपशील वाटे. मराठी माणसाने तो वाचला तर त्याला दुसरेच काही आठवायला हवे. जन्मावरून माणसाचे गुण ठरवण्याचा कागद या समाजाने शतकानुशतके भरला आहे.

मावळवरील खेळाच्या रचनाकाराला मोह होणार तो येथेच. बारा बलुतेदारांची यादी हाताशी आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार असे तयार पेशे आहेत. त्यांना एकेक गुण चिकटवला, की खेळ उभा राहिला असे वाटेल. परंतु खेळातील पेशा खेळाडू निवडतो. बलुते कोणी निवडलेले नव्हते. रामोशाला किल्ल्याभोवतीच्या वाटा ठाऊक असत, गावाची राखण तो करी. ती त्याची कमावलेली विद्या होती. त्याच रामोशाच्या नावापुढे ‘चोर’ हा पेशा आणि लपण्याचे जादा गुण लिहिले, तर ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जे केले तेच खेळ पुन्हा करील. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का पुसायला मात्र पिढ्या लागल्या. महार सैनिकांचेही तसेच. १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या या समाजाची लष्करभरती ‘लढाऊ वंशां’च्या सिद्धांतापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबवण्यात आली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. जन्मतः शूर आणि जन्मतः भेकड अशी विभागणी कागदावर किती सहज होते आणि माणसांना किती महाग पडते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

विशेष म्हणजे ज्या खेळाने हा नियम रूढ केला, त्यानेच तो सोडला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ सालच्या सुधारित नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्द गेला आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पूर्वायुष्याशी जोडली गेली. शेतकरी, पहारेकरी, वाटाड्या, कारागीर, खलाशी अशी १६ पूर्वायुष्ये त्यात आहेत. शेतकऱ्याला बळ, सोशिकपणा आणि शहाणपण यांत वाढ मिळते, ती त्याने शेतात काढलेल्या वर्षांमुळे. अमेरिकेतील खेळाने जे पन्नास वर्षांनी केले, ते मराठी खेळाने पहिल्या दिवसापासून करायला काय हरकत आहे?

यावर असा आक्षेप येईल, की मग सतराव्या शतकातील समाज खोटा रंगवायचा का? जात नव्हतीच असे दाखवायचे का? तसे मुळीच नाही. कल्पनारम्य खेळातही गावकुसाबाहेरची वस्ती असू शकते, पाणवठ्यावरची बंदी असू शकते, पाटलाची मुजोरी असू शकते. ही जगातील विघ्ने आहेत आणि पात्राने त्यांच्याशी झगडावे यातच नाट्य आहे. नियम एवढाच, की अडथळा जगात असावा, माणसाच्या अंगात नसावा. कोणाला विहिरीवर अडवले जाते, हे कथेने सांगावे. कोणाची बुद्धी किती, हे जातीने सांगू नये. फाशाला कूळ विचारता येत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीची नोंद

जन्माऐवजी काम, गाव आणि कृती यांनी माणसाची ओळख सांगण्याची रीत मावळला नवी नाही. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. मुंबई-पुण्याचे हजारो प्रवासी एकवीरेच्या दर्शनाला जाताना त्यांच्या शेजारून जातात. धेनुकाकट येथील गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिंहदत्त याने दरवाजाचे दान दिल्याची नोंद तेथे आहे. वेणुवासाचा पुत्र सामि या सुताराने दरवाजाचे काम केल्याचा उल्लेख आहे. स्तंभांवर यवन दात्यांची नावे आहेत. पलीकडे बेडसे येथे सामडिनिका या महारठिनीने पाण्याचे टाके दिल्याचे कोरले आहे, तर भाजे येथे विण्हुदत्त या महारठीने. गाव कोणते, काम कोणते, कोणाचा मुलगा, कोणाची पत्नी आणि हातून काय घडले, एवढेच हे लेख सांगतात. पात्राचा कागद याहून वेगळे काय विचारतो?

सतराव्या शतकाकडे वळले, तर साहित्य आणखी विपुल आहे. सभासद बखरीत पायदळाची उतरंड दिली आहे. दहा माणसांवर नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. खेळात पात्राच्या चढत्या पायऱ्या लागतात. त्या येथे आयत्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर अधिकाराबरोबर जबाबदारीही वाढते. घोडदळात सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार असा भेद होता. खेळाच्या आरंभीच ‘घोडा कोणाचा?’ हा प्रश्न आला, तर पात्राची ऐपत, निष्ठा आणि चिंता एका उत्तरात कळतील. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी एकमेकांवर लक्ष राहील अशा बेताने नेमले जात. तीन खेळाडूंनी या तीन भूमिका घेतल्या, तर शत्रू येण्याआधीच कथेला ताण मिळेल.

आणि भूगोल तर आहेच. आजच्या तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी तीन खोरी. घाटमाथ्यावर लोणावळ्यात कोसळणारा पाऊस तळेगावकडे उतरत जावे तसा झपाट्याने कमी होतो. लोहगड आणि विसापूर खिंडीच्या दोन बाजूंना जोडीने उभे आहेत. तुंग आणि तिकोना पवनेच्या पाण्याकडे पाहतात. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे बालेकिल्ले खाली कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवतात. लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. मधल्या पाच वर्षांत पायथ्याच्या गावांनी सारा कोणाला भरला, दाणे कोठे लपवले, गडावरच्या नव्या मालकाला दूध कोणी पोचवले? या प्रश्नांची उत्तरे मोठ्या इतिहासात सापडत नाहीत. कल्पनेला जागा आहे ती नेमकी येथे.

एक कागद भरून पाहता

समजा, एखाद्या खेळाडूने १६६८ सालचे, तिकोन्याच्या पायथ्याचे पात्र घडवायला घेतले. वय सतरा. मुलगी. फाशांनी ताकद बेताची दिली, चपळाई चांगली आणि सोशिकपणा उत्तम. अक्षरओळख नाही, त्यामुळे हाती आलेला खलिता दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागेल आणि वाचणारा खरे सांगतो की नाही, हे ताडावे लागेल. ठाऊक काय, तर गडावरच्या कोणत्या टाक्यातील पाणी चैत्रातही पिण्याजोगे राहते. जवळ काय, तर विळा, इरले आणि एक जुने घोंगडे. देणे कोणाचे, तर गेल्या दुष्काळात भात उसने देणाऱ्या शेजारणीचे. भीती कशाची, तर पुराच्या पाण्याची. आणि बंधन असे, की आषाढात लावणीला घरी पोचलेच पाहिजे. नाही तर वर्षभराचे अन्न गेले.

या मुलीजवळ जादूची तलवार नाही. तरी कथेचा आरंभ झालेला आहे. गडावरील मोगल शिबंदी पाण्यासाठी वाटाड्या शोधते आहे. शेजारणीचा मुलगा रानात लपला आहे. लावणीला बारा दिवस उरले आहेत. आता हवे तर डोंगरातील साती आसरा बोलू द्याव्यात, वेताळाची पालखी निघू द्यावी, लोहगडाचा विंचूकडा रात्री खरोखरच नांगी उचलू द्यावा. अद्भुताला मावळात कधीच तोटा नव्हता. पण ते अद्भुत अंगावर येते, कारण त्याच्यासमोर उभे असलेले माणूस खरे आहे.

जगाचा अनुभव आणि लोणावळ्याची धास्ती

स्थानिक मातीतून घडलेली पात्रे जगभर चालतात, याचे दाखले आहेत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने आंद्रेझ सापकोव्स्की यांच्या कथांवरून ‘विचर’ हा खेळ २००७ मध्ये आणला आणि स्लाव्ह लोककथांतील भुतेखेते जगाच्या ओळखीची झाली. २०११ मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना या मालिकेतील दुसरा खेळ भेट दिला होता. चीनच्या ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’मध्ये शान्शी प्रांतातील प्राचीन मंदिरे हुबेहूब उभी केली गेली, २०२४ मध्ये खेळ येताच त्या मंदिरांकडे पर्यटकांचा ओघ वाढला.

मावळच्या बाबतीत या दुसऱ्या उदाहरणाने आनंदाबरोबर धास्तीही वाटली पाहिजे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरातील प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. शहरी माणसाला मावळ म्हणजे शनिवार-रविवारचा धबधबा, चिक्की आणि छायाचित्राची पार्श्वभूमी वाटते. खेळानेही किल्ल्यांचा केवळ देखावा उचलला, तर गर्दीत आणखी एका गर्दीची भर पडेल. पात्रच त्या मातीतील असेल, तर मात्र निदान काही खेळाडूंना तरी कळेल, की पावसाळी ओढा ओलांडायचा की नाही हा जीवन-मरणाचा निर्णय असतो आणि हिरवेगार दिसणारे ते खाचर कोणाचे तरी वर्षाचे अन्न असते.

धोरणाने काय करावे?

सरकारी धोरणातून पैसा येईल, तेव्हा तो स्टुडिओ, संगणक आणि इमारती यांत जाईल. तेही हवेच. पण खेळाच्या जगात माणसे घालायची, तर माहितीचाही खर्च करावा लागेल. मावळच्या खोऱ्यांतील वाटा, पाणवठे, भाताची जुनी वाणे, अवजारांची नावे, जत्रांतील सोंगे आणि कातकरी, ठाकर, महादेव कोळी, धनगर यांच्या तोंडच्या कथा यांचा खुला संग्रह झाला पाहिजे. ज्यांच्या कथा, त्यांना श्रेय आणि मोबदला मिळाला पाहिजे. पुण्यातील कलावंत आणि आज्ञावलीकार यांच्या जोडीला इतिहासाचा आणि बोलीचा अभ्यासक बसला पाहिजे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा उपयोग सभा-समारंभांपुरता न राहता मुलांच्या पडद्यावर पोचावा, अशी इच्छा असेल, तर भूमिका-खेळ हे त्याचे उत्तम क्षेत्र आहे. कारण या खेळाचे इंधन शब्द आहेत. पात्र बोलते, विनवते, थाप मारते, शपथ घेते. आणि हे सारे स्वतःच्या भाषेत करण्याची गंमत भाषांतरात येत नाही.

लोहगडाचे दगड आता जागतिक वारसा आहेत आणि त्यांचे जतन पुरातत्त्व खाते करील. ते दगड ज्यांनी वाहिले, त्या गडावर ज्यांनी पहारे दिले आणि त्याच्या सावलीत ज्यांनी भात लावला, त्यांची नावे मात्र कोठल्याही यादीत नाहीत. इतिहासाने रिकामी सोडलेली ती जागा नव्या पिढीतील मुले आपल्या कल्पनेने भरतील. तेथे त्यांनी गाव लिहावे, काम लिहावे, देणे लिहावे, भीती लिहावी. जातीचा रकाना त्या कागदावर छापूच नये.